चहा आणायला पाठवणारा मिस्त्री

ऐका. शेकोटीजवळ सरका. काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, मी काही गेनू मिस्त्री नाही!

गेनू मिस्त्री म्हणजे या भागातला पहिला गाड्या दुरुस्त करणारा. हैबती त्याच्या हाताखाली सात वर्षं होता. सात! रॉकेलमध्ये नटबोल्ट धुऊन बोटांची सालं निघाली. पण इंजिनाचं टायमिंग लावायची वेळ आली, की मिस्त्री पाठ फिरवायचा. "हैबत्या, चहा आण." हा चहा घेऊन येईस्तोवर बॉनेट बंद! उस्तादाला उलट विचारायचं नाही, असा रिवाज. मग मिस्त्री मेला. विद्या बरोबर घेऊन गेला.

हैबतीनं गॅरेज टाकलं, पण टायमिंग जमेना. सरपंचांची जीप दोनदा परत आली. सरपंच म्हणाले, "आता बिघडली तर गॅरेजला कुलूप लाव." म्हणून रात्रीच तो जीप घेऊन खैरघाटात निघाला, चढावर चालवून बघायला. एकटा!

मधल्या वळणावर जीप खोकली. बंद! काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. तेवढ्यात पुढून आवाज. ठण्, ठण्. बॉनेट उघडं. कंदील. आणि ओळखीची पाठ.

"पाना दे."

हैबतीनं दिला. बोटाला बोट लागलं. बर्फ! पळायला हवं होतं ना? पण आज टायमिंग बघायला मिळणार होतं हो! तो वाकला. पाठ आडवी आली. डावीकडे सरकला. तिथंही पाठ. अहो, कंदिलाच्या चारी बाजूंना पाठच पाठ!

"हैबत्या, चहा आण."

आणि पाय निघाले! सात वर्षांची सवय. चार पावलं. आठ पावलं. चप्पल निसटली. खाली पडल्याचा आवाजच आला नाही.

दरी!

हैबती तिथूनच ओरडला, "नाही आणणार! सात वर्षं आणला. आज दाखवा!"

पाठ हळूहळू वळली. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी.

"काय दाखवू, पोरा? मलाच आठवत नाही. तुला सांगितलं असतं, तर आज तुला विचारलं असतं."

कंदील विझला.

सकाळी बैल लावून जीप खाली आणली. गॅरेजला कुलूप लागलंच. पुढं परगावी हैबती चुकत चुकत टायमिंग शिकला. शिकला त्याच दिवशी घाटात गेला आणि त्या वळणावर उभं राहून मोठ्यानं सगळं सांगितलं. तीनदा. त्याचाच आवाज फिरून आला.

पाना अजून वाजतो. रात्री त्या घाटानं जाऊ नका. गेलातच आणि कुणी चहा मागितला, तर पाऊल उचलू नका. मग तो म्हातारा कितीही ओळखीचा असो.