काशीच्या डोळ्यांचं कारण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे डॉक्टर आत्माराम भाटवडेकर, वहिनीसाहेब आणि प्रसूतिगृहातल्या माझ्या सख्यांनो,

"सिस्टर, या लोकांना ग्रहण पुरतं, खरं कारण कशाला सांगायचं?"

डॉक्टरसाहेब, सात वर्षांपूर्वीचं हे तुमचं वाक्य. तुम्ही विसरला असाल. मोठ्या माणसांना स्वतःची सगळीच वाक्यं कुठे लक्षात राहतात?

आत्ताच अध्यक्षांनी नऊशे ग्रॅमच्या मुलीचा गौरवाने उल्लेख केला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. ती काशी. मिरकरवाड्यातल्या हौसाची, सव्वासहा महिन्यांची, ऐंशीच्या सूर्यग्रहणानंतर आठवड्याने जन्मलेली. आम्ही तिला कापसात गुंडाळलं, कडेने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, आईचं दूध ड्रॉपरने थेंब थेंब पाजलं. जगली हो! सात आठवडे तिला प्राणवायू पूर्ण सोडून ठेवलेला. "कमी करू का?" मी एकदा विचारलं होतं. "डॉक्टर कोण, सिस्टर?" तुम्ही हसलात, मीही हसले. सिलिंडरची चावी माझ्याच हातात होती, हेही इथे सांगायला हवं.

वर्षभरात कळलं, काशीला दिसत नाही. मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली: अपुऱ्या दिवसांचं मूल, अति प्राणवायू. हौसाने ती माझ्याकडे आणली, मी तुमच्याकडे. तुम्ही ती खणात टाकलीत आणि ते वाक्य बोललात. खाली तिची सासू गोदूबाई दवाखाना डोक्यावर घेत होती, "गिराणात सुरमय कापलान्, नि पोरीचे डोळे खाल्लान्!"

जिन्यावरून तुम्ही म्हणालात, "असतं हो आजी, ग्रहणाचं असतं."

हौसाने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनची बाटली बदलायला गेले. ती अर्धी भरलेली होती.

तेव्हापासून हौसा माहेरी, वेळणेश्वरला आहे. मी अधूनमधून जाते, काशी मला पावलांवरून ओळखते. पुढच्या महिन्यात हौसाच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलंय. मी गोदूबाईला सांगून पाहिलं. म्हणाली, "तू नर्सबाय. डाक्टर बोलले ता खोटा काय?"

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. शुभप्रसंगी नको ते बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि डॉक्टरसाहेब, उद्या पुण्याला निघण्याआधी अर्धा तास मिरकरवाड्यात चला. गोदूबाईच्या दारात उभं राहून एवढंच सांगा, की हे हौसामुळे झालं नाही, आपल्या हातून झालं. तुम्ही घड्याळ बघताय, मला दिसतंय. तरी विचारते, याल?