कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

चिंचोक्याएवढी एक काच. तिच्या एका बाजूला बोटाचं ओलं कुंकू लागलं. वाळताना त्याची कडा गडद झाली, मधला भाग फिकट राहिला. इतका फिकट, की खाली उभं राहून वर बघणाऱ्याला तो दिसूच नये!

काच कशाची, ते सांगते. पण मंडळी, कीर्तन पुढे नेण्याआधी एक प्रश्न. चूक कुठे संपते आणि पाप कुठे सुरू होतं? खांबाला टेकलेले आजोबा, तुम्ही सांगा! नाही? बरं, मग ऐका.

बार्शीत एक कॉलनी. तिथे राहतात कुमुदकाकू सबनीस आणि त्यांचे यजमान दिगंबरकाका. मुलगा पुण्याला. त्यानं आईच्या फाटकावर कॅमेरा बसवून दिला. काकूंच्या मोबाइलवर अख्खी गल्ली! दूधवाला माप घालायला वाकला, की काकू म्हणणार—"थांब, मोठं करून बघते!" तुम्ही हसताय. तुमच्या मोबाइलमध्ये काय आहे, विचारू का?

मग आला दसरा. दसऱ्याला आपण काय करतो? विळीची पूजा, शिलाई मशीनची पूजा, स्कूटरला हार. काकू स्टुलावर चढल्या आणि कॅमेऱ्यालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोचलं. भाव चांगला हो! पण बोट नेमकं काचेवर टेकलं.

त्याच दुपारी समोरच्या नलिनी खडकीकरांच्या घरी चोरी झाली. घरात कुणी नव्हतं. देव्हाऱ्यातली चांदीची अन्नपूर्णा गेली—लग्नात आईनं दिलेली. बायांनो, तुम्हाला सांगायला नको, ती नुसती चांदी नसते.

हवालदार लोंढे आले. "काकू, तुमच्या कॅमेऱ्यात काही दिसतंय का?"

दिसत होतं! खडकीकरांच्या भिंतीला लागून एक बाई जाते. चेहरा धूसर. पातळ मात्र लाल.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "ही तर आमची हौसाबाई! हे पातळ मीच दिलंय तिला सणाचं!"

"नक्की?"

"माझा कॅमेरा खोटं बोलेल का?"

हौसाबाई म्हणजे काकूंकडे धुणंभांडी करणारी. ठाण्यात बोलावलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी वैरागला बहिणीकडं हुते. तिलाच इचारा." लोंढे म्हणाले, "बहीण बहिणीच्याच बाजूनं बोलणार!" रोज ठाण्यात हजेरी लावून ठेवली. कॉलनीतल्या घराघरानं तिला निरोप दिला—उद्यापासून येऊ नकोस. आणि काकूंचं काय? घरोघरी कौतुक! "काकू होत्या म्हणून!" मग ज्याच्या त्याच्या फाटकावर कॅमेरा. सगळे सगळ्यांकडे बघतायत, आणि नमस्कार कुणी कुणाला करीत नाही!

मंगळवारी काकू वाळलेलं फूल काढायला स्टुलावर चढल्या. काचेवर डाग दिसला. पदरानं पुसला. खाली उतरून मोबाइल बघितला.

खडकीकरांची भिंत पांढरी दिसत होती.

ती पांढरीच आहे हो! कॉलनीला ठाऊक आहे. पण मग चोरीच्या चित्रात ती कशी होती? काकूंनी ते चित्र पुन्हा लावलं. भिंत लालसर! बाईचं पातळही तितकंच लालसर. मंडळी, हे शांतपणे समजून घ्या. काचेवरचा डाग चित्रात ठिपका होऊन दिसत नाही. तो पसरतो, मागचं सगळं रंगवतो. पांढरी भिंत लाल झाली, तर तिच्याइतकंच लाल दिसणारं पातळ कोणत्या रंगाचं? पांढरं! हौसाबाईचं खरं लाल पातळ भिंतीपेक्षा कितीतरी गडद दिसलं असतं. म्हणजे ती बाई दुसरीच कुणीतरी.

पेटीवाले, सूर धरा. म्हणा माझ्यामागून—

आधी पुसा काच । मग शोधा चोर ।
नाही तर घोर । साक्षीलागी ॥

इथपर्यंत झाली ती चूक. पूजेच्या भरात कुणाच्याही हातून होईल. आता पुढे बघा!

दिगंबरकाका म्हणाले, "चल, ठाण्यात सांगून येऊ."

"उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आज?"

"अहो, लोक काय म्हणतील? आणि कशावरून हौसाबाई अगदी साधी? अन्नपूर्णा नसेल नेली, साखर तर नेतच असेल!"

"आपली साखर कधी कमी झाली?"

"मी मोजत नव्हते. आता मोजेन!"

बघा मन कसं असतं! काच पुसली गेली, पण संशयाला नवं बिऱ्हाड सापडलं.

शुक्रवारी सकाळी मोबाइल वाजला. फाटकापाशी कुणीतरी उभं होतं. हौसाबाई! काकूंनी दार उघडलं नाही. मोबाइलमध्येच बघत राहिल्या. हौसाबाईनं बेल वाजवली नाही. मान वर करून ती थेट कॅमेऱ्याशी बोलू लागली. आवाज खिडकीतून येत होता.

"काकू, बघताय न्हवं? बघा. दार उघडू नगा. मला काम बी नगं. पर माझी पोरगी साळंत जाईना. पोरी तिला चोरणीची लेक म्हणत्यात. तुमची कंबर धरली तवा रोज तेल लावलं मी. माझी चाल तुमी पाठमोरी वळखता. मग त्या चित्रात कुठली चाल बघितली तुमी?"

काकूंचा हात कडीपर्यंत गेला, आणि तिथेच राहिला.

"घरी कुणी न्हाई आसंच समजते मी," हौसाबाई म्हणाली आणि निघून गेली.

रविवारी सकाळी दत्तमंदिरात पोलिसांची सभा. फौजदार आले. "तुमचे कॅमेरे म्हणजे आमचे डोळे! असेच सहकार्य करा." टाळ्या! काकूंसाठी शाल, श्रीफळ. काकू पहिल्या ओळीत. शेजारी दिगंबरकाका. मागे दाराबाहेर, चपलांपाशी, हौसाबाई उभी होती. हजेरी लावायची होती ना! साहेब इथे, म्हणून तीही इथे.

तुम्ही म्हणाल, ताई, चोर कोण ते सांगा! मला ठाऊक नाही. चोर शोधायला पोलीस आहेत, आणि त्यांना तुमचा कॅमेरा जरूर दाखवा, लपवू नका. पण बाबांनो, तो दाखवताना तोंडातून नाव कुणाचं निघतं? ज्याच्याकडे वकील नाही, त्याचंच ना? आणि ते नाव चुकलंय हे कळल्यावर, तुम्ही किती वेळा "उद्या" म्हणालात? मनात आठवा. मोठ्यानं सांगू नका, शेजारी बसलेत!

फौजदारांनी शाल उलगडली. काकू उठल्या. शाल खांद्यापर्यंत आली, तशी त्यांनी हातानं अडवली. माईक त्यांच्या हातात आला. मग त्या दाराकडे बघून बोलल्या—

"हौसाबाई, आत ये. साहेब, माझा जबाब पुन्हा लिहून घ्या. त्या चित्रातली बाई ही नव्हे. आणि हे मला मंगळवारपासून माहीत आहे."