उपाशी ओळ

विसरवाडीच्या थांब्यावर चारुलताशेजारी एक सासू-सून नंदुरबारच्या बसची वाट पाहत होत्या. सुनेच्या मांडीवर मोरपंखीच्या रोपांचा ट्रे होता. चारुलताने पुस्तक मिटले नाही, पण पानही उलटले नाही.

"आई, दोन्ही ओळींना तुरटीचं पाणी होतं. सिलिकॉन फक्त डाव्या ओळीला द्यायचं होतं."

"उजवी मान टाकी ऱ्हायनी व्हती, कामिनी."

"टाकायलाच हवी होती! तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमनं मुळं खुंटतात, सिलिकॉन त्यांना सांभाळतं. हेच तर प्रयोगात कॉलेजच्या मॅडमना दाखवायचं होतं."

"एक पंगतमा एकीले वाढानं आनि दुसरीले उपाशी ठेवानं? मन्हा जीव नही झाया."

"म्हणून दोघींना पाजलंत."

"रोज. थोडं थोडं."

"आता दोन्ही सारख्याच हिरव्या. मॅडमना काय सांगू?"

"मन्हं नाव सांग. त्या बोलतीन ते मी आयकसू."

"तुमचं नाव नाही सांगणार. पुन्हा पेरावं लागेल. परीक्षा लांबेल."

"लांबू दे. घरनं काम मी पाहसू."

"आणि उपाशी ओळ?"

"ती खोलीमा ठेव. कुलूप लाव."

"तुमच्यापासून?"

"हा. मन्हा मले भरवसा नही."