उजव्या काठाची दोरी

गुणवंतराव : ...अख्ख्या गावानं अंगठे दिले, मनसारामभाऊ. तुमचा एकट्याचा राहिला. खरं म्हणाल तर पहिला तुमचाच पाहिजे होता. झिंगू तुमचा पोरगा आहे. बाकीच्यांचं कोण आहे त्या कोरियात?

मनसाराम : कोनी नाई. म्हनूनच त्यायचा अंगठा लवकर उठला.

गुणवंतराव : तिरकं बोलू नका. अर्जात काय आहे? आपली पलटण परत बोलवा, एवढंच. लढाई अमेरिकेची आणि चीनची. आता तर तीही थांबली. मग आपल्या पोरांनी तिथं थंडीत उभं राहून त्यांचे कैदी का राखायचे? त्या कैद्यांचे दगड का खायचे?

मनसाराम : तीन वर्सामांगं याच आंगनात तुमी त्याच्या गळ्यात हार घातला. पलटनीले पोट्टे पायजे म्हनले. तवा थंडी नोती का?

गुणवंतराव : तेव्हा गोष्ट वेगळी होती.

मनसाराम : गोष्ट थेच होती. पार्टी वेगळी होती तुमची.

गुणवंतराव : चंदाबाई, तुम्ही तरी सांगा यांना.

चंदाबाई : मी काय सांगू? मले कोनी इचारलं? घराचा अंगठा म्हनते, तो यायचाच घेतेत. मले त सही येते.

गुणवंतराव : सही? तुम्हाला?

चंदाबाई : प्रेमिला मास्तरीनबाईच्या वर्गात सा महिने पाटी घासली. जोडाक्षरात अजून गोता खातो मी, पन माहं नाव लिवतो.

मनसाराम : सही बी कराची नाई. तळ्यात महाजाळं टाकलं, दोनी काठाले मानसं दोरी धरून उभे हायेत, अन मधातच एक जन म्हनते, मी चाललो घरी. असं कोनी करते का? कैदी राखतो म्हनून सरकारनं जबान देल्ली. त राखा. काम सरलं का या.

गुणवंतराव : अहो, माणसं म्हणजे मासे नव्हेत.

मनसाराम : तुमी कवा मासोळी धरली, गुणवंतराव? ताटातलीच पाह्यली तुमी.

चंदाबाई : बस झालं. सरकारची जबान म्हने. झिंगूनं येऊच नये वाटते तुमाले, हे सांगा ना सरळ.

मनसाराम : चूप राय.

चंदाबाई : तीन वर्स चूपच हावो. गुणवंतराव, तुमाले हार दिसला. त्याच्या आदल्या दिवशीचं मी सांगतो. मोठ्या तळ्यावर महाजाळं वढून राह्यले होते. उजव्या काठाची दोरी झिंगूच्या हातात. पाय घसरला, दोरी सुटली, सारी मासोळी निघून गेली. अन या बापानं चाळीस मानसायच्या मोरं त्याच्या मुस्कटात देल्ली. म्हनले, आजपासून या दोरीले हात लावाचा नाई.

मनसाराम : सुटलीच ना दोरी? चाळीस घरं भाजीवर राह्यले थ्या रोजी. अन सुटलेली दोरी धराले गेलो त माहा अंगठा फाटला इथून इथवर, थे नाई सांगत.

चंदाबाई : तुमचा अंगठा जुळला.

गुणवंतराव : हे घरगुती झालं, चंदाबाई. आपण अर्जाचं बोलू.

चंदाबाई : घरचंच हाये थे. आठ रोज झाले, झिंगूचा हा कागद कमरेले खोचून फिरतो मी. मास्तरले नाई देल्ला वाचाले. एकएक अक्षर जोडून मीच वाचला. आयका. "माय, इथी एक तंबू हाये. त्याले दोन दारं. एकेका कैद्याले आत बसवतेत, अन त्याच्या मुलखाचा मानूस त्याले म्हनते, घरी चाल. जाचं असन त एका दारानं निघाचं, नसन जाचं त दुसऱ्या. काई जन शिव्या देतेत, खुर्च्या फेकतेत. काल एक जन कोनत्याच दारानं जायेना. मधातच बसला रडत. मी दाराशी उभा होतो. मनात आलं, मले कोनी इचारलं त? बाले इचार, दोरी धरू देते का. नाई म्हनलं त मी पलटनीतच राह्यतो."

गुणवंतराव : वा. हे पत्र द्या मला. गडचिरोलीच्या सभेत वाचतो. लोक रडतील, चंदाबाई.

चंदाबाई : लोकायले रडवाले माह्या पोट्ट्याचा कागद? उठा.

गुणवंतराव : मी तुमच्याच भल्यासाठी...

चंदाबाई : हार घालतानी इचारलं होतं का त्याले, बापू, मनानं चालला का रागानं? आता वापस बोलावतानी बी नाई इचारत. दुस्मनाच्या कैद्याले इचारनारा कोनी हाये, माह्या पोट्ट्याले नाई. उठा म्हनलं ना.

(गुणवंतराव अर्ज गुंडाळून तरातरा निघून गेला. रागाच्या भरात अंगठे उठवायची शाईची डबी ओट्यावरच राहिली. मनसाराम मांडीवरच्या जाळ्यात मघापासून एकच गाठ मारत होता, आणि उभ्या जन्मात न चुकलेली ती गाठ आज काही केल्या बसत नव्हती.)

मनसाराम : आठ रोज लपवला कागद?

चंदाबाई : लपवीन नाई त काय करीन? मास्तरच्या तोंडून आयकून हूं म्हनले असते तुमी, अन गेले असते तळ्यावर.

मनसाराम : जोडाक्षर चुकलं असन तुह्यं. दोरीचं लिवलंच हाये का त्यानं?

चंदाबाई : दोरीत जोडाक्षर नाई.

(मनसारामनं मांडीवरचं जाळं बाजूला सारलं.)

चंदाबाई : उजव्या काठाले तीन वर्स कोनाले उभं राहू देल्लं तुमी? जाळ्यावरच्या लटारूनं दोरी मांगतली त त्याच्या अंगावर धावले. मले काय दिसत नाई का?

मनसाराम : लिव्ह त्याले.

चंदाबाई : काय लिवू?

मनसाराम : लिव्ह का... उजव्या काठाची दोरी जड जाते मले आता. एकट्याले.

चंदाबाई : माह्या हातचं वाचून थो मानन? म्हनन, मायनं मनानंच जोडलं.

मनसाराम : मंग?

चंदाबाई : डबी राह्यली हाये त्यायची.

मनसाराम : अंगठा कोनाचाबी सारखाच दिसते.

चंदाबाई : तुमचा नाई. दाबून लावा. चीर उठू द्या.