काळ्या पडद्यापुढची मोनिका

नाय हो, फ्लॅशचे सेल नवेच होते! तुम्ही पण तेच विचारणार, सगळे तेच विचारतात. सेल तीनदा बदलले, फ्लॅशच्या खालच्या पिना खोडरबरानं घासल्या, तरी तुम्हाला सांगतो, तीच मोनिका, तोच कॅमेरा, तोच फ्लॅश, आणि एका फोटोत कोळसा, दुसऱ्यात पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखी! बारा वर्षं मुकुंदवाडीत स्टुडिओ चालवतोय, लोकांच्या पोरींचे स्थळाचे फोटो काढतोय, आणि सख्ख्या बहिणीच्या वेळेलाच ह्याला काय धाड भरली?

सिल्लोडचं स्थळ, चांगलं होतं, आईचा जीव टांगणीला. माझ्या पाठीमागं उभी, "विश्वा, जरा उजळ येऊ दे रं." अगं, ऑटोवर आहे! किती उजेड मारायचा ते त्याचं तोच ठरवतो! आणि ठरवतो काय? पांढऱ्या भिंतीपुढं उभी केली, काळी. मागं काळा पडदा टाकला, गोरीपान... मोनिका बिचारी घाम पुसत उभी.

शेवटी दुरुस्तीवाल्या चाचांकडं गेलो. ते म्हणाले, "मियाँ, फ्लॅशकू कायकू गाली देते? वो चेहरा थोडीच देखता, पूरी चौकट देखता! सफेद जास्ती दिखा, उजाला काटता. काला जास्ती दिखा, और मारता. ऑटो बंद करो."

केला बंद. आता कुठंही उभी करा, एकसारखी. आमची मोनिका, आहे तशी, सावळी. लई छान आला होता हो तो फोटो... आणि मी कोणता पाठवला? पडद्यापुढचा! व्हय, मीच! आईनं हात जोडले आणि मी पाठवला.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आत्या आवडाबाई पोह्यांची बशी ठेवून उठली, मोबाइलमधला फोटो मोनिकाच्या गालाशी धरला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. "फोटोतली बोलवा की!" अहो, हीच ती! तीच मोनिका, तोच कॅमेरा, तोच फ्लॅश! काय सांगू, पडदा काळा होता म्हणून? "कळवतो," म्हणाले आणि चपला घातल्या.

मोनिका कपबशा गोळा करत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दादा, सासरी जाताना तो पडदा देणार होतास का बरोबर?"

...दोन वर्षं झाली. फ्लॅश आता एकदम बरोबर चालतो बघा, कुठंच चुकत नाय. तोच कॅमेरा, तोच फ्लॅश. फक्त मोनिका फोटोला उभी राहत नाय.