धुऱ्यावरचं रोप

संगणक चुकतोच म्हणता? मग ऐका. माझी नात एकोडीत घरी बसून, इंटरनेटवरून जपानच्या ॲनिमेसाठी चित्रं काढत होती. तिकडचा चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र पाठवायचा, मधली ती भरायची. एक दिवस कंपनीने कळवलं, आता मधली चित्रं संगणक काढेल. त्याची एक चूक दाखव, तर तुझं काम राहील.

ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "आबा, रोवणा तुमाले समजते. पाहा."

पडद्यावर, संगणकाने भरलेल्या चित्रांत, एक जपानी म्हातारी मागे सरकत धान रोवत होती. हात बरोबर, पाय बरोबर. शेवटचं रोप मात्र तिने चिखलात लावलं नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोचलं आणि मातीचा हात कपाळाला लावला. चित्रकाराच्या शेवटच्या चित्रात ती नुसती उभी होती.

"सापडली!" नात ओरडली. "धुऱ्यावर कोणी धान रोवते का? लिहून देऊ?"

"चूक नाही ते," मी म्हटलं. "तुई आजी असंच करे. साऱ्या गावात ती एकटीच."

"आजी तर मी व्हायच्या आधीच गेली, आबा. मंग ह्याले कोणी सांगतलं?"

मी खोटं लिहू दिलं नाही. तिचं काम गेलं.

यंदा आमचा रोवणा झाला, तेव्हा मी धुऱ्याकडे पाहिलं नाही.