गाडीखाली जायचं की वरून ओढायचं

— आणि तो जॅक आधी खाली ठेवा. ठेवा, ठेवा. घरून उचलून आणलात, चालेल का विचारायला? चालेल ना, चाक बदलायला चालेल. त्याच्या भरवशावर गाडीखाली निजायला नाही चालणार. मोबाईलवर बघितलं म्हणता — बघितलं असेल की. मोबाईलवर सगळं सोपंच असतं भाऊ, तिथली जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट, ऑईल बदलणाऱ्याच्या शर्टावर एक डाग नाही. तुमच्या अंगणाला उतार आहे का? असणारच, पाणी निघून जायला देतातच सगळे. मग? — काय? नाही, दुकानात मीच असते. पुरुष माणूसच पाहिजे असेल तर पलीकडच्या सोनाराच्या दारात बंदूक घेऊन एक बसलेला आहे, त्याला विचारा तुमच्या गाडीला कोणता फिल्टर लागतो ते. हसू नका, खरंच जातात लोक. ऑईल माझ्याकडून घेतात आणि बरोबर दिलं का म्हणून चहावाल्याला डबा दाखवतात.

तर बघा, रीती दोन. एक — इंजिन जरा गरम करायचं, गाडीखाली जायचं, खालचा नट खोलायचा, ऑईल घमेल्यात सोडायचं. त्याला गाडी पक्क्या स्टँडवर पाहिजे, सपाट जमिनीवर, चाकांना आड लावून. दुसरी म्हणजे हा पंप. ऑईल बघायची पट्टी असते ना, ती काढायची, तिच्या नळीत ही बारीक नळी सोडायची आणि वरूनच, उभ्या उभ्या ओढून घ्यायचं. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. थोडं तळाला राहतं म्हणतात — राहतं, घोटभर राहतं, त्यानं काही जग बुडत नाही. सगळ्याच गाड्यांना नळी नीट जात नाही, पण तुमच्या जाते. काय झालं? तोंड बघा कसं केलंत. 'हे काय बायकी काम' — बोलला नाहीत, पण मला दिसतं ते. का दिसणार नाही, मीच तर — बरं जाऊ द्या. पेट्रोल ना तुमची?

नाही, काही नाही. तसं काही नाही. आमच्या मिस्टरांकडे होता असा एक पंप, म्हणून म्हटलं. चार वर्षं झाली. चंदनराव तेव्हा पाईपाच्या कंपनीत मशीनवर होते, जुनीच गाडी घेतली होती, पांढरी — ऑईल स्वतः बदलायचं म्हणून धुळ्याहून पंप घेऊन आले. आठ दिवस कागद वाचत होते पंपाचा. माणूसच तसा, नवा कुकर आणला तरी आधी कागद वाचणार. भाऊबीजेला माझा भाऊ आला दीपनगरहून, प्रेमराज. त्याला सगळं येतं हो, गाडीतलं, लायटीतलं, आणि येत नाही तेही येतं. त्यानं पंप बघितला आणि म्हणाला, "दाजी, हे काय? गाडीचं दूध काढता काय?" हसलो सगळे. मी जास्त हसले. खरं सांगते, मला तेव्हा असं वाटायचं की आमच्या माहेरचे पुरुष म्हणजे पुरुष, आणि हे — हे आपले कागद वाचणारे. वाटायचं. मी म्हटलं, "अरे, खाली शिरायला घाबरतात ते. अंधारात मांजर आडवं गेलं तरी मला हाक मारतात." असं म्हटलं मी. माझ्या भावासमोर, वहिनीसमोर, हातात ओवाळायचं ताट.

ते पण हसले. हेच ना — ते पण हसले हो. पंपाची नळी गुंडाळली, खोक्यात घातली, खोक्याचं झाकण नीट लावलं, आणि डिकीतून जॅक काढला. मागच्या चाकाला एक वीट. एक. प्रेमराज मोबाईलवर बोलत होता. मी आत शेवभाजीला फोडणी देत होते, आणि आवाज आला. मोठा नाही, पोतं पडावं तसा. मग हाक आली, "सुलक्षणा." ओरडले नाहीत. पाणी मागतात ना, तशी हाक. मला आधी रागच आला, म्हटलं, आता काय पाहिजे यांना.

गाडी जॅकवरून खाली बसली होती, चाक काढलेलं नव्हतं म्हणून छाती वाचली. उजवा हात वर नटाला होता, तो पान्यासकट खाली अडकला. वरून गरम ऑईल. चौघांनी गाडी उचलली, मी ओढलं त्यांना. दवाखान्यात सासूबाईंचा फोन आला, सोनगीरहून, झुंबरबाई, त्यांना लगेच कळतं कसं कोण जाणे — तर हे म्हणतात, "काही नही व माय, बठ्ठं ठीक शे." हाताची हाडं मी बघत होते आणि हे म्हणतात सगळं ठीक आहे. घाबरट माणूस म्हणे!

दोन ऑपरेशनं झाली. तीन बोटं मिटत नाहीत. मशीनवरचं काम सुटलं, मग हे दुकान काढलं, मागच्या खोलीतच राहतो आम्ही. कोणी विचारलं की सांगतात, जॅक सरकला, माझीच घाई झाली. प्रेमराजला तेच सांगितलं, आईला तेच. एकदा मी विचारलं — दोघंच होतो — म्हटलं, मी बोलले म्हणून गेलात ना खाली? डाव्या हातानं केळं सोलत होते. म्हणाले, "तू काय बोलली होतीस? मला नाही आठवत." नाही आठवत! आमच्या लग्नात माझ्या मामानं कोणत्या रंगाचा फेटा बांधला होता ते आठवतं या माणसाला. शिव्या दिल्या असत्या ना, तर मी पण चार दिल्या असत्या, भांडण झालं असतं, मिटलं असतं. हे काय, नाही आठवत! याला मी काय करू, सांगा ना? आता वहिनी अजून म्हणते, ताई, तुम्ही किती करता हो दाजींचं. करते. काय करू मग?

हे मी कोणाला — तुमचं नावसुद्धा माहीत नाही मला. तुम्ही कशाला ऐकत बसलात? सांगायचं ना, घाई आहे म्हणून. नाही, पाणी नको मला. रडत नाहीये मी, फिनेलचा वास आहे दुकानात.

— हो! आले. काही नाही हो, गिऱ्हाईक आहे. फिल्टरचं विचारत होते. नाही, नाही, तुम्ही नका उठू, झालंच त्यांचं.

झालं ना भाऊ? मग निघा की. निघा.